गोल होत नाहीत, मग कोच बदला? आक्रमणाचा हिशोब नीट कसा मांडायचा

शाहू स्टेडियमवर एखादा संघ टायब्रेकरवर हरला की मैदान रिकामं व्हायच्या आत मोबाइलवर दुसरा सामना सुरू होतो. स्टेटस लागतात, रील फिरतात, कमेंटमध्ये पेठा एकमेकींना भिडतात. पहिल्या तासात पेनल्टी हुकवणाऱ्या खेळाडूचं नाव पुढं असतं. रात्रीपर्यंत चर्चा कोचवर येऊन थांबते. 'फॉरवर्ड लाइनच चालत नाही', 'नुसते लाँग बॉल', 'कोच बदला'.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी ही नावं इथं नुसती क्लबांची नाहीत. त्यांच्यामागं तालीम आहे, गल्ली आहे, आजोबांपासून चालत आलेली निष्ठा आहे. त्यामुळं संघाला गोल झाला नाही की तो कुणाच्या तरी नावावर मांडावाच लागतो. कोच हे त्यातलं सगळ्यात सोयीचं नाव. खेळाडू आपल्याच गल्लीतला असतो, कार्यकर्ते आपलेच असतात. कोच बदलणं त्या मानानं सोपं.

हा प्रश्न फक्त कोल्हापूरचा नाही. भारतीय संघानं जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ या १४ महिन्यांत तीन कोच पाहिले: इगोर स्टिमॅच, मानोलो मार्केझ आणि खालिद जमील. तिघांच्याही काळात तक्रार एकच होती, संघ गोल करत नाही. पण गोल होत नाहीत यात कोचचा वाटा किती आणि इतर गोष्टींचा किती, हे वेगळं काढता येतं का? काही प्रमाणात येतं. मार्केझ यांचंच उदाहरण त्यासाठी उपयोगी पडतं.

एकच कोच, एकच हंगाम, दोन संघ

मार्केझ यांची भारताचे कोच म्हणून नेमणूक झाली जुलै २०२४ मध्ये. त्या वेळी ते एफसी गोवाचेही कोच होते आणि पूर्ण हंगाम त्यांनी दोन्ही कामं केली. म्हणजे डोकं एक, सरावाची पद्धत एक, काळही तोच. बदलले ते फक्त खेळाडू आणि प्रतिस्पर्धी.

गोव्याच्या बाजूला काय झालं? २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये संघ गुणतक्त्यात दुसरा आला. मे २०२५ मध्ये भुवनेश्वरला सुपर कपच्या अंतिम सामन्यात त्यांनी जमशेदपूरला ३-० असं हरवलं. (त्या दिवशी जमशेदपूरच्या बाकावर होते खालिद जमील. फुटबॉलला असे योगायोग आवडतात.)

भारताच्या बाजूला काय झालं? आठ सामने, एक विजय. मॉरिशसशी ०-०, सीरियाकडून ०-३, व्हिएतनामशी १-१, मलेशियाशी १-१, मालदीववर ३-०, बांगलादेशशी ०-०, थायलंडकडून ०-२, हाँगकाँगकडून ०-१. आठ सामन्यांत पाच गोल, त्यातले तीन एकट्या मालदीवविरुद्ध. पाचपैकी दोन गोल राहुल भेके या मुंबईच्या बचावपटूचे. आघाडीपटूंच्या नावावर किती उरले ते यावरून लक्षात येईल.

आता हा माणूस आक्रमण शिकवणारा चांगला कोच की वाईट? गोव्याचा चाहता एक उत्तर देईल, भारताचा दुसरं, आणि दोघांकडं आकडे असतील.

फरक कुठं आहे तो सुपर कपच्या अंतिम सामन्यातच दिसतो. गोव्याचे तिन्ही गोल परदेशी खेळाडूंनी केले, दोन बोर्खा हेरेरानं आणि एक देयान द्राझिचनं. आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत एकाही हंगामात सर्वाधिक गोलांचा मान भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. बहुतेक क्लबांमध्ये शेवटचा फटका मारण्याची जागा परदेशी खेळाडूकडं असते. भारतीय मुलगा विंगवर, मध्यात किंवा बचावात खेळतो. मग राष्ट्रीय कोच संघ निवडायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर गोल करण्याची रोजची सवय असलेले आघाडीपटूच नसतात. म्हणून तर मार्च २०२५ मध्ये ४० वर्षांच्या सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. त्या आयएसएल हंगामात भारतीयांमध्ये सर्वाधिक १४ गोल त्याचेच होते.

याचा अर्थ मार्केझ यांची काहीच चूक नव्हती असा नाही. दोन नोकऱ्या एकदम करणाऱ्या कोचकडं राष्ट्रीय संघासाठी वेळ किती उरतो, हा रास्त प्रश्न होता आणि तो ज्यांनी त्यांना नेमलं त्यांनाही विचारायला हवा होता. पण हाँगकाँगविरुद्धचा सामना आठवा. पहिल्या सत्रात आशिक कुरुनियनची सोपी संधी हुकली आणि भरपाई वेळेत हाँगकाँगनं पेनल्टीवर गोल केला. ती संधी साधली असती आणि ती पेनल्टी झाली नसती, तर तोच कोच, तोच डाव, तीच अकरा माणसं घेऊन १-० नं जिंकला असता आणि त्या रात्रीच्या पोस्ट वेगळ्या असत्या.

स्टिमॅच यांच्याबाबत तर हे उघडच घडलं. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांच्या संघानं इंटरकॉन्टिनेंटल कप आणि सॅफ स्पर्धा जिंकली, कौतुकाचा पाऊस पडला. सॅफचा उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामने टायब्रेकरवर सुटले होते, हे मात्र फारसं कुणी मोजलं नाही. सहा महिन्यांनी आशिया कपमध्ये ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाविरुद्ध संघाला एकही गोल करता आला नाही, आणि जून २०२४ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. सहा महिन्यांत कोचची बुद्धी इतकी घसरत नाही. घरच्या मैदानावरचे सामने जाऊन समोर ऑस्ट्रेलिया आली होती आणि अन्वर अली, जेक्सन सिंग, आशिक हे दुखापतीमुळं बाहेर होते.

कोचचा पगार थेट गुणांना बांधला तर?

'निकाल बघा, बाकी बोलू नका' असं म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतला एक किस्सा आहे. तिथं हा विचार खरोखरच कागदावर आणून करारात लिहिला गेला.

तिथला फुटबॉल वेगळा, हातात चेंडू घेऊन धावण्याचा. विद्यापीठांच्या संघांचे सामने बघायला लाखभर माणसं जमतात. या खेळात आक्रमण करणारे अकरा जण वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे असतात. त्यामुळं मुख्य कोचच्या हाताखाली आक्रमणाचा स्वतंत्र कोच असतो. प्रत्येक चाल कुठली खेळायची हे बहुतेक ठिकाणी तोच ठरवतो. आपल्याकडं एकाच कोचवर जे सगळं येतं त्याची तिथं वाटणी झालेली आहे. म्हणून दोष कुणाचा हे ठरवणं तिथं सोपं असायला हवं. तसं ते नाही.

आयोवा विद्यापीठाच्या संघाचं आक्रमण २०२२ मध्ये देशातल्या सर्वांत कमकुवत आक्रमणांपैकी एक होतं. आक्रमणाचा कोच होता ब्रायन फेरेंट्झ, आणि मुख्य कोच होते त्याचे वडील कर्क फेरेंट्झ. टीका किती झाली असेल याची कल्पना कोल्हापूरकरांना द्यायला नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये विद्यापीठानं ब्रायनचा करार बदलला. पगार ५० हजार डॉलरनं कमी करून साडेआठ लाख डॉलर केला आणि अट घातली की संघानं हंगामात किमान सात सामने जिंकावेत आणि दर सामन्यात सरासरी २५ गुण करावेत.

दिसायला स्वच्छ अट. पण त्या २५ गुणांत बचाव करणाऱ्या खेळाडूंनी चेंडू हिसकावून केलेले गुणही धरले जाणार होते. म्हणजे आक्रमणाच्या कोचची परीक्षा, आणि पेपर दुसऱ्यानं सोडवला तरी गुण त्यालाच. उलट बाजूही होती. आयोवाचा बचाव इतका भक्कम होता की सामने कमी गुणांतच सुटत. टोरी टेलर हा मेलबर्नहून आलेला त्यांचा खेळाडू चेंडू लाथेनं इतका लांब मारायचा की प्रतिस्पर्ध्याला आपल्याच हद्दीतून सुरुवात करावी लागे. त्या वर्षीचा देशातल्या सर्वोत्तम पंटरचा पुरस्कार त्यालाच मिळाला. असा संघ १०-७ नं जिंकण्यात समाधानी असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोवानं नॉर्थवेस्टर्नला १०-७ आणि नेब्रास्काला १३-१० असं हरवलं. अशा सामन्यात उगाच धोका पत्करून आणखी गुण करण्याची गरज संघाला नव्हती. करारानुसार ती कोचला मात्र होती.

त्यातच मुख्य क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेर गुडघ्याच्या दुखापतीनं हंगामाबाहेर गेला. ३० ऑक्टोबरला विद्यापीठानं जाहीर केलं की हंगाम संपला की ब्रायन जाणार. तेव्हा संघानं आठपैकी सहा सामने जिंकलेले होते. शेवटी आयोवानं १४ पैकी दहा सामने जिंकले, आपल्या विभागात पहिला आला, आणि गुणांची सरासरी भरली १५.४.

पुढच्या वर्षी टिम लेस्टर हा नवा कोच आला. आक्रमण बरंच सुधारलं, गुण वाढले. विजय मात्र १३ पैकी आठ.

या गोष्टीतून ब्रायन निर्दोष होता असं कुणी म्हणेल तर तेही चूक. गुण सोडून यार्ड मोजले, म्हणजे आक्रमणानं चेंडू किती पुढं नेला हे पाहिलं, तर २०२३ मध्ये आयोवा १३३ संघांमध्ये शेवटून पहिला होता. यार्डांच्या हिशोबात बचावाच्या गुणांची भेसळ नाही. म्हणजे निष्कर्ष बरोबर होता, मोजपट्टी चुकीची होती. चुकीच्या मोजपट्टीनं बरोबर उत्तर आलं की माणसं मोजपट्टीवरच विश्वास ठेवायला लागतात. पुढच्या वेळी त्याच पट्टीनं एखादा चांगला माणूस घरी जातो.

आणि वडील-मुलाचा मुद्दा. विद्यापीठात नातेवाइकाच्या हाताखाली काम करण्याचे नियम असल्यामुळं ब्रायन कागदोपत्री वडिलांना नाही, तर क्रीडा संचालकांना उत्तर देत होता. कोल्हापुरात रक्ताचं नातं नसेल, पण तालमीचं असतं. कोच बहुतेकदा त्याच संघाचा जुना खेळाडू. त्याला सांभाळून घ्यायचं की काढायचं, या निर्णयात खेळाबाहेरचं बरंच काही येतं. घरचा माणूस म्हणून जास्त दिवस मिळतात, आणि घरचा माणूस म्हणून शिव्याही जास्त बसतात.

दहा फटक्यांचं गणित

फुटबॉलमध्ये सरासरी दहा फटक्यांमागं साधारण एक गोल होतो. पेनल्टी असेल तर चारपैकी तीन वेळा. जगभरचे क्लब आता प्रत्येक फटक्याला अशी किंमत देतात: गोलपासून किती लांब, कुठल्या कोनातून, पायानं की डोक्यानं, समोर किती बचावपटू. सगळ्या फटक्यांची बेरीज केली की संघानं 'किती गोलांच्या' संधी तयार केल्या हे कळतं. टीव्हीवर सामन्यानंतर एक्सजी म्हणून जो आकडा दाखवतात तो हाच.

एक साधा हिशोब करून पाहू. एखाद्या संघानं सामन्यात दहा बरे फटके मारले आणि प्रत्येकाचा गोल होण्याची शक्यता दहात एक धरली, तर एकही गोल न होण्याची शक्यता किती? सुमारे ३५ टक्के. म्हणजे ठीकठाक आक्रमण करणारा संघही तीनातल्या एका सामन्यात कोरडा राहू शकतो, आणि त्यात कुणाची चूक असेलच असं नाही. असे सलग तीन सामने कोरडे जाण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास येते. ऐकायला कमी वाटते. पण १६ संघ, लीग, शिवाय त्यानंतरच्या चषक स्पर्धा धरल्या तर हंगामात कुणा ना कुणा संघावर ही वेळ येणारच. ज्याच्यावर येईल त्याचा कोच त्या आठवड्यात नालायक ठरतो.

लीगमध्ये संघाच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने येतात. चषक स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात, एक हुकलं की संपलं. इतक्या थोड्या सामन्यांतले गोल मोजून कोचची पारख करणं म्हणजे दोन पावसांवरून मान्सूनचा अंदाज बांधण्यासारखं आहे. इंग्लंड-स्पेनमध्ये ३८ सामन्यांची लीग असूनही तिथले विश्लेषक पहिल्या सात-आठ सामन्यांवर फार भरवसा ठेवत नाहीत.

टायब्रेकरचं तर बोलायलाच नको. पेनल्टीचा सराव घेणं, कोण मारणार याचा क्रम लावणं हे कोचचं काम, मान्य. पण निर्धारित वेळेत संघानं कसं आक्रमण केलं याचा त्या पाच फटक्यांशी संबंध नसतो.

कोल्हापूरला हे जवळून कळायला हवं, कारण २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या आघाडीवर इथलाच अनिकेत जाधव होता. तीन सामने, एक गोल केला, नऊ खाल्ले. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. एकमेव गोल जेक्सन सिंगचा, तोही कॉर्नरवरून. गोल मोजले तर आक्रमण पूर्ण फसलं. पण अमेरिकेविरुद्ध ०-२ असताना अन्वर अलीचा फटका आडव्या खांबावर आदळला आणि त्याच चेंडूवर प्रतिआक्रमण होऊन तिसरा गोल झाला. कोलंबियाविरुद्ध राहुल के. पी.चा फटका खांबाला लागला. दोन्ही फटके चार बोटं आत गेले असते तर भारताच्या नावावर तीन गोल असते आणि त्या मुलांबद्दल, कोच लुईस नॉर्टन दि मातोस यांच्याबद्दल आपण वेगळं बोललो असतो. दि मातोस यांच्या हाती तो संघ आला होता स्पर्धेच्या जेमतेम काही महिने आधी.

कोल्हापुरातल्या कोचच्या हातात काय असतं?

संघ बऱ्याचदा मंडळ ठरवतं. कुणाला घ्यायचं, कुणाला टिकवायचं, बाहेरून कुणाला आणायचं, खर्च किती करायचा, या बैठकीत कोचचं मत घेतलं जातंच असं नाही. परदेशी आणि परगावच्या खेळाडूंच्या नोंदणीवर केएसएची मर्यादा असते. बाहेरचा आणायचा तर गोल करणारा आणावा हा मोह कुठल्याही क्लबला पडतो, म्हणजे आयएसएलचाच प्रश्न इथं लहान आकारात. बाहेरून आलेला फॉरवर्ड चालला तर निवड मंडळाची, नाही चालला तर कोचला वापरता आला नाही.

खेळाडूंपैकी अनेक जण नोकरी-धंदा सांभाळून खेळतात. सरावाला सगळे अकरा एकत्र मिळणं हीच मोठी गोष्ट. 'समन्वयाअभावी गोल होऊ शकला नाही' हे वाक्य स्थानिक फुटबॉलच्या बातम्यांत इतक्यांदा येतं की ते आता डोळ्यांना दिसतही नाही. पण त्यातच उत्तर आहे. समन्वय म्हणजे एकत्र घालवलेले तास. ते तास कोचला मिळाले का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. शिवाय हंगाम उन्हाळ्यात सरकतो तसं मैदान टणक होतं, चेंडू उसळतो, दुपारच्या उन्हात जमिनीवरून छोटे पास देत खेळायला सांगणारा कोच फळ्यावर कितीही शहाणा दिसला तरी मैदानावर फसतो. लाँग बॉल ही दर वेळी आळशी कल्पना नसते.

मग कोचला धारेवर कधी धरायचं?

धरायलाच हवं. परिस्थितीचा विचार करणं म्हणजे माफी देणं नव्हे, आणि 'कोचला वेळ द्या' हेही न विचार करता म्हणायचं वाक्य झालंय.

कोचचं काम काही ठिकाणी थेट दिसतं. कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो ही सरावात बसवायची गोष्ट. त्यात खेळाडूच्या अंगभूत कौशल्याचा वाटा तुलनेनं कमी, तयारीचा जास्त. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांचा पहिलाच सामना ताजिकिस्तानशी होता, त्यांच्याच मैदानात. फिफाच्या ठरलेल्या काळाबाहेरची स्पर्धा म्हणून मोहन बागाननं खेळाडू सोडले नव्हते. आयएसएलचं भवितव्य अधांतरी असल्यानं बाकीच्यांच्याही पायांत सामने नव्हते. तरी भारत २-१ नं जिंकला. दोन्ही गोल पहिल्या १३ मिनिटांत आणि दोन्ही बचावपटूंचे, अन्वर अली आणि संदेश झिंगन. पहिला गोल लांब थ्रोवर. आघाडीपटू नाहीत तर गोल कुठून आणायचे याचं उत्तर कोचनं आधी शोधून ठेवलं होतं. त्याला श्रेय देण्यासाठी एक सामना पुरेसा नाही, पण काय शोधायचं ते त्यावरून कळतं.

ऑक्टोबरमध्ये सिंगापूरविरुद्ध फातोर्ड्याच्या मैदानावर छांगटेनं १४ व्या मिनिटाला भारताला पुढं नेलं. नंतर मध्यंतराच्या तोंडावर एक आणि दुसऱ्या सत्रात एक, असे दोन गोल सोंग उई-योंगनं केले. भारत १-२ असा हरला आणि आशिया कपमधून बाहेर पडला. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. इथं मात्र जमील यांना विचारण्यासारखे प्रश्न आहेत. मागं पडल्यावर संघाकडं दुसरी योजना होती का? बदली खेळाडू आल्यावर खेळ बदलला की फक्त चेहरे? घरच्या मैदानावर अर्धा तास हाताशी असताना संघानं किती खऱ्या संधी तयार केल्या? यांची उत्तरं गोलफलकावर नसतात, पण सामना पुन्हा पाहणाऱ्याला मिळतात.

तेच प्रश्न शाहू स्टेडियमवर विचारता येतात. एखादा संघ पाच सामन्यांत एकाच पद्धतीनं अडतोय आणि सहाव्यातही तेच करतोय, तर जबाबदारी कोचची. दहा कॉर्नर मिळाले आणि दहाही गोलरक्षकाच्या हातात, तर कोचची. विंगवरचा पोरगा प्रत्येक वेळी क्रॉस देतोय आणि बॉक्समध्ये एकच जण उभा आहे, तर कोचची. उलट मोकळ्या गोलसमोर चेंडू बाहेर मारला, तर ती संधी तयार झाली हे कोचच्या खात्यावर जमा आणि हुकली हे खेळाडूच्या. आपल्याकडं दोन्ही कोचच्या खात्यात खर्ची पडतात.

अडचण एवढीच की हे मोजलेलं कुठं सापडत नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला केला, पिवळं-लाल कार्ड कुणाला मिळालं, एवढं असतं. फटके किती, बॉक्सच्या आतून किती, कॉर्नर किती आणि त्यातून काय निघालं, हे नसतं. त्यामुळं हंगाम संपल्यावर मंडळाच्या बैठकीत कोचबद्दल बोलताना आठवणीवर बोलावं लागतं, आणि आठवणीत नेहमी शेवटचा हरलेला सामना असतो.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. सामने यूट्यूबवर लाइव्ह दिसतात, नंतर पुन्हा बघता येतात. ज्या तालमीकडं दोन हौशी पोरं आहेत त्यांनी सामन्यागणिक चार आकडे वहीत टिपले तरी पुरे: बॉक्सच्या आतून मारलेले फटके, मोकळ्या संधी, कॉर्नर-फ्री किकवरून आलेले फटके, आणि हेच सगळं प्रतिस्पर्ध्याचं. जोडीला एक ओळ, त्या दिवशी कोण जखमी होतं, कुणावर बंदी होती आणि समोर संघ कुठला होता. मागच्या हंगामातल्या पहिल्या चारातला संघ समोर असताना मारलेले सहा फटके आणि तळाच्या संघाविरुद्धचे बारा, यात सहा जास्त मोलाचे असू शकतात. वही एका हंगामानंतर थोडं सांगेल, दोन हंगामांनंतर बरंच. तेव्हा कदाचित कळेल की ज्याला काढलं त्याचा संघ संधी तयार करण्यात पहिल्या तिनात होता आणि गेल्या वर्षीचा फॉरवर्ड या वर्षी दुसऱ्या पेठेकडून खेळत होता.